प्रेशर चांगलं आहे, मग मशीन कशाला?

पेणमध्ये हल्ली माणूस माणसाला भेटला की 'कसं काय' नंतर, आधी 'प्रेशर किती?' भाजीवाली विचारते, रिक्षावाला विचारतो, गणपतीच्या कारखान्यात सोंडेला रंग देणारा हातातला ब्रश न थांबवता विचारतो. समोरचा परीक्षेतले मार्क सांगावेत तसा आकडा सांगतो. एकशेवीस म्हणाला की सगळ्यांचे चेहरे खुलतात. शंभरच्या खाली म्हणाला की लगेच कोणीतरी मीठ-लिंबू-पाणी करायला आत जातं. या आकड्याचं नाव काढलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. आकड्याचा त्यात काही दोष नाही. राग आहे तो आकडा ऐकून पुढचा विचारच बंद करणाऱ्यांवर, आणि त्यात चहाच्या टपरीपासून मुंबईच्या मोठ्या इस्पितळापर्यंत सगळे आले.

माझं काम हृदयाला लावलेली मशीनं तपासण्याचं होतं. लोक ज्याला सरसकट 'पेसमेकर' म्हणतात, ते कातडीखाली बसवलेलं काडेपेटीसारखं चपटं यंत्र. त्यातून निघालेल्या तारा शिरेतून हृदयापर्यंत जातात आणि ठोक्याची वेळ झाली की विजेचा बारीकसा टोला देतात. एकदा बसवलं की काम झालं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. बॅटरी किती उरली, तारा शाबूत आहेत का, टोले वेळेवर पडताहेत का, हे वरचेवर बघावं लागतं. त्यासाठी माझ्याकडे सुटकेससारखं एक यंत्र असायचं आणि त्याला वायरीने जोडलेली एक गोल डबी. डबी छातीवर ठेवली की आतलं यंत्र आणि बाहेरचं यंत्र एकमेकांशी बोलू लागतात. रोह्याकडची माणसं तिला 'छातीचा रिमोट' म्हणायची. आमच्या डॉक्टरांचा हृदयाच्या पेशंटांचा दवाखाना एका शनिवारी पेणला आणि एका शनिवारी रोह्याला असायचा. त्यांच्यासोबत ती सुटकेस मांडीवर घेऊन मी वर्षानुवर्षं पेण-रोहा केलं. आता सुटकेस दुसऱ्या मुलीच्या मांडीवर आहे. माझ्याकडे उरलाय तो राग, आणि दिवाळीच्या फराळासोबत तोच वाटायला घेतलाय.

मंजुळाबाईंपासून सुरुवात करते. धरमतरच्या खाडीकडचं गाव, माहेर मिठागरातलं, सासरही मिठागरातलं. पहिल्यांदा दवाखान्यात आल्या तेव्हा दारापासून खुर्चीपर्यंत येताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. सोबत मुलगा विलास, जवळच्या कंपनीत शिफ्टला जाणारा, आईला जिवापाड जपणारा. प्रेशर होतं नव्वदच्याही खाली. घरात काय करता, असं विचारलं तर विलास मोठ्या भरवशाने म्हणाला, "मॅडम, प्रेशर लो हाय ना, म्हनून सकाल-संध्याकाल मिठाचं पानी देतो. सगलीच सांगतात."

मी कपाळावर हात मारला. "अहो, मिठाने अंगात पाणी साठतं. पाय बघा त्यांचे."

मंजुळाबाई दम खात खात म्हणाल्या, "आमचंच मीठ हाय गो बाय. जन्मभर आमी त्याला पोसलं. ते आमाला मारील काय?"

ज्या घरात मिठाची रास म्हणजे लक्ष्मी, तिथे मीठ सोडा म्हणणं म्हणजे देव्हारा उचलून बाहेर ठेवा म्हणण्यासारखं. त्यांचं चुकत होतं, पण त्यांना ते शिकवलं कोणी? प्रेशर लो असेल तर मीठ घ्या, हे आपण सगळेच सांगत सुटलोय. मंजुळाबाईंचं प्रेशर कमी होतं ते हृदयाचा पंप थकला होता म्हणून. थकलेल्या पंपाला मिठाचं पाणी पाजलं तर तो बळकट होत नाही, त्याला फक्त जास्त पाणी उपसावं लागतं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, तसलाच प्रकार.

बरं, मीठ एकवेळ समजू शकते. पण आमच्याकडे येण्याआधी दाखवलेल्या डॉक्टरांनी त्यांना हृदयाचं ओझं कमी करणारी गोळी अगदी छोट्या मात्रेत आधीच लिहून दिली होती, आणि ती त्यांनी घेतलीच नव्हती. का, तर औषधाच्या दुकानातल्या माणसाने पाकीट बघून सांगितलं, "ही तर हाय प्रेशरची गोळी. तुमचं तर लो आहे. घेऊ नका." झालं! एकाने मीठ पाजलं, दुसऱ्याने गोळी काढून घेतली, आणि दोघांनीही आकडा बघूनच. ही गोळी प्रेशर थोडं उतरवते हे खरं, पण कमजोर हृदयाला ती द्यायची असते ती हृदय वाचवण्यासाठी. हे सांगण्याइतका वेळ जगात कोणालाच नसतो.

मंजुळाबाईंच्या हृदयाचा आणखी एक घोटाळा होता. निरोगी हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या सगळ्या भिंती एकदम आवळतात, म्हणून रक्त जोरात बाहेर फेकलं जातं. यांच्या हृदयात विजेची एक वाट बंद पडली होती. एक भिंत आधी आवळायची, समोरची उशिरा. त्यामुळे निम्मं रक्त बाहेर जायच्या ऐवजी आतल्या आतच डुचमळायचं. मी दोन्ही हातांचे पंजे करून दाखवत होते, तर बाई मध्येच म्हणाल्या, "म्हनजे पाय चुकतो."

मला कळेना. मग विलासने उलगडून सांगितलं. मिठागरात हंगामाआधी वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात. माणसं ओळीने उभी राहतात आणि एका तालात पाय टाकतात. एकाचा पाय मागे राहिला तर चिखल दाबला जात नाही, नुसता बाजूला फुगतो, आणि सगळ्यांची मेहनत वाया जाते. मंजुळाबाई त्या ओळीत पहिल्या असायच्या. ताल त्या धरायच्या. त्यानंतर मी प्रत्येक पेशंटला हातवारे करण्याऐवजी मिठागरच सांगत आले.

असा पाय चुकणाऱ्या हृदयासाठी तीन तारांचं मशीन असतं. तिसरी तार डाव्या बाजूच्या उशिरा जागणाऱ्या भिंतीपर्यंत नेतात आणि दोन्हीकडे एकाच वेळी टोला देतात. मंजुळाबाईंना ते मुंबईला बसवलं. पहिल्या वेळी जखम चिघळली, पू झाला, ड्रेसिंगच्या वेळी बाईंचा आवाज खालच्या मजल्यावर जायचा आणि विलास बाहेर भिंतीला डोकं टेकून उभा असायचा. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचाच संबंध येतो.

जखम भरली आणि प्रेशर चढायला लागलं. आधी शंभर, मग एकशेदहा, मग त्याच्याही वर. हा आकडा मिठाचा नव्हता, पाय जुळल्याचा होता. प्रेशर चढलं म्हणून तर डॉक्टरांना हात मोकळे मिळाले. जी गोळी चिमूटभर देतानाही भीती वाटत होती, ती आता पूर्ण मात्रेत देता आली. आणि गोळी चालू असूनही प्रेशर टिकलं. पुढच्या वर्षी बाई मिठागराच्या बांधावर उभ्या राहून तरण्या सुनांना ताल देत होत्या.

कोणी म्हणेल, मग मशीन म्हणजे प्रेशर वाढवायचं यंत्रच झालं. नाही. कोणती तार कुठे आणि टोला कधी, यावर सगळं असतं. पेणमध्ये गणपतीचे डोळे रेखणाऱ्या एका बाईंना साधं एका तारेचं मशीन होतं. ते सुरू झालं की वरचा कप्पा आणि खालचा कप्पा एकदमच आवळायचे, मानेत धडधडायचं आणि प्रेशर झरकन उतरायचं. देवाच्या बुबुळावर ब्रश टेकला की डोळ्यांपुढे अंधारी! नातेवाईक म्हणत दृष्ट लागली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी मशीनचा ठरवलेला वेग खाली आणला, त्यांच्या स्वतःच्या ठोक्याला पुढे जाऊ दिलं, आणि दृष्ट उतरली.

तर, मंजुळाबाईंची लेक रोह्याला दिलेली. म्हणून त्या तपासणीला रोह्यालाच यायच्या. तिथल्या बाकावर त्यांची जोडी जमली कोलाडकडच्या धोंडूकाकांशी. काका भात करायचे आणि भात निघालं की त्याच जमिनीत वाल. त्यांनाही तेच तीन तारांचं मशीन. आकडे एकमेकांना सांगून दोघं पैज लावल्यासारखे खूश व्हायचे. थंडीतल्या एका शनिवारी मी दार उघडलं तर काकांच्या पिशवीतल्या वालाच्या शेंगा मंजुळाबाईंच्या पिशवीत चालल्या होत्या, आणि मंजुळाबाईंच्या पिशवीतली खडेमिठाची पुडी काकांच्या पिशवीत.

मी ओरडलेच. "हृदयाच्या दवाखान्यात बसून मीठ वाटताय? लाज नाही वाटत?"

काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, ह्ये पोपटीला हाय. मडक्याला लावायचं, मला नाय."

"आणि मडक्यात भाजलेल्या शेंगा कोण खाणार?"

"नातू खातील. मी वास घेईन," काका म्हणाले, आणि मंजुळाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्या दिवशी मला राग टिकवता आला नाही. पुढे मात्र तो टिकवायची सोय लोकांनीच केली.

मशीनची बॅटरी काही वर्षांनी उतरते. मशीन काही महिने आधी तसा इशारा देतं, मग ते बदलावं लागतं. काकांच्या मशीनने इशारा दिला. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन त्यांना मुंबईला पाठवलं. तिथे एका मोठ्या इस्पितळात त्यांना तपासलं आणि परत पाठवलं. प्रेशर नॉर्मल, दम नाही, सूज नाही, सध्या मशीनची गरज नाही.

काका हसतच आले. "मोठ्या डाक्तरांनी सांगितलं, काळीज बरं झालं. आता लावणी उरकतो, मग बघू."

वाचकहो, तुम्हीच सांगा. चष्मा लावून नीट दिसतंय, म्हणून कोणी चष्मा काढून घेतं का? प्रेशर नॉर्मल होतं ते मशीन चालू होतं म्हणून! आमच्या डॉक्टरांनी तिथे फोन केले, कागद पुन्हा पाठवले. "बघतो", "कळवतो", "साहेब राउंडला आहेत." मीही फोनवर भांडले. पलीकडचा आवाज मला समजावत राहिला, "मॅडम, प्रेशर एकशेवीस आहे हो पेशंटचं," जणू काही तो आकडा मला ऐकू येत नव्हता.

पावसात बॅटरी संपली. बाहेर दिवा विझत नाही की घंटा वाजत नाही. हृदय पुन्हा एक पाय पुढे, एक पाय मागे असं चालू लागलं. काकांचं प्रेशर हळूहळू उतरलं, पाय सुजले, आणि गावात कोणीतरी पुन्हा सांगितलं, प्रेशर लो आहे, मिठाचं पाणी घ्या. आमच्यापर्यंत बातमी आली ती काका गेल्याचीच. त्या थंडीत त्यांच्या शेतात वाल पेरले, पण पेरणारे हात त्यांचे नव्हते.

आणि पुढच्याच वर्षी मंजुळाबाईंच्या मशीनने इशारा दिला.

मी विलासला बोलावून सांगितलं. तो नुसता मान हलवत राहिला आणि महिना गेला तरी मुंबईचं नाव काढेना. मग गणपतीत त्यांच्या गावच्या मंडळाने आरोग्य शिबिर भरवलं. मंडपात टेबल, टेबलावर प्रेशरचं यंत्र, बाहेरून आलेले पाहुणे डॉक्टर. त्यांनी मंजुळाबाईंच्या हाताला पट्टा बांधला आणि माइकवरून सगळ्या गावाला ऐकवलं, "या वयात एकशेबावीस! मावशींना मशीन बदलायला सांगताहेत म्हणे. काय गरज आहे?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणसाच्या अंगातलं मशीन काय करतं हे न विचारता त्याची गरज नाही हे माइकवरून सांगायचं, आणि त्यावर टाळ्या!

त्यानंतरच्या शनिवारी विलास आईला घेऊन पेणच्या दवाखान्यात आला, ते आम्हाला नकार द्यायलाच. "मॅडम, रागावू नका. मोठे डाक्तर बोलले, गरज नाय. पहिल्या टायमाला आये कशी किंचालायची, तुमी बघितलंय. बरं चाललंय तर परत कशाला चिरायचं?"

मला त्याच्यावर रागावताच येईना. तो आईला वाचवायलाच बघत होता. मी धोंडूकाकांचं नाव घेतलं. तो म्हणाला, "त्यांचं वय झालं होतं." मी पुन्हा सगळं समजावलं. तो खाली बघत ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पन प्रेशर तर चांगलं हाय."

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "थोडा वेळ बंद करून दाखवू या का?"

हे ऐकायला भयंकर वाटतं, तसं नाही. मंजुळाबाईंचा स्वतःचा ठोका चालू असतो. मशीन फक्त तो जुळवून देतं. डॉक्टर शेजारी उभे असताना थोडा वेळ टोले थांबवले तर धोका नसतो, फक्त जुना घोटाळा परत दिसतो. डॉक्टरांनी दोघांनाही हे सांगितलं. विलासचा आमच्या यंत्रावर भरवसा राहिला नसेल तर म्हणून त्याला घरून त्याचंच प्रेशरचं यंत्र आणायला लावलं. मोटारसायकलवरून जाऊन तो ते घेऊन आला.

मंजुळाबाई आडव्या झाल्या. मी डबी छातीवर ठेवली. "मावशी, डोळे मिटा. मी काय करते ते तुम्हाला सांगणार नाही. काही वाटलं तर बोला." विलासने स्वतःच्या हाताने पट्टा बांधला, स्वतः बटण दाबलं. एकशेवीस. मी त्याला खूण केली आणि टोले थांबवले. पडद्यावरच्या ठोक्यांच्या रेघा रुंद झाल्या. त्याने थांबून पुन्हा बटण दाबलं. एकशेचार.

तो आकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "प्रेशर खाली-वर होतंच की."

मला वाटलं, संपलं. जन्मभर या आकड्याशी भांडले, आणि आज तोच आकडा साक्षीला आणला तर तोही उपयोगी पडला नाही. तेवढ्यात मिटल्या डोळ्यांनी मंजुळाबाई म्हणाल्या, "थांबा गो. पाय चुकला."

"काय आये?"

"आत कोनाचा तरी पाय चुकतोय. मघाशी बरोबर पडत होता."

मी गुपचूप टोले सुरू केले. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळावरची आठी गेली. "हां, आता लागला."

डॉक्टरांनी मला बोटाने खूण केली, पुन्हा एकदा. पुन्हा बंद केलं. या वेळी गादीवरचा त्यांचा डावा पाय आपोआप हलायला लागला, चुकलेल्या माणसाला ताल लावून द्यावा तसा. विलास त्या पायाकडे बघत होता. लहानपणी त्याच पायाकडे बघून तो तुडवायला शिकला होता. त्याने आईच्या हाताचा पट्टा सोडला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "चालू करा मॅडम. मुंबईला कवा जायचं?"

मुंबईला आमचे डॉक्टर स्वतः सोबत गेले. साहेब राउंडवरून येईपर्यंत बाहेर बसून राहिले आणि होकार घेऊनच उठले. चांगलंच झालं, पण त्याचाही मला संतापच येतो. प्रत्येक पेशंटच्या मागे एक डॉक्टर दिवसभर बाकावर बसून राहील, तेव्हाच त्याची बॅटरी बदलणार असेल, तर बाकीच्यांनी काय करायचं? रेघा कागदावर होत्याच. काकांच्याही होत्या. त्या वाचण्याऐवजी पट्ट्याचा आकडा वाचला, कारण तो सोपा असतो.

या वेळी जखम चिघळली नाही. थंडी पडल्यावर मंजुळाबाई नव्या मशीनच्या तपासणीला रोह्याला आल्या. बाकावर त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती, तिथे त्यांनी पिशवी ठेवली होती. पिशवीत खडेमिठाची पुडी. मी बघितलं, पण ओरडले नाही.

"कोलाडच्या काकीला पाठवायची हाय," त्या म्हणाल्या. "पोपटी लावतील पोरं." मग म्हणाल्या, "त्या काकाचं मशीन असं बंद करून दाखवलं नाय का गो कोनाला?"

"त्यांचं आपोआपच बंद पडलं, मावशी. त्या वेळी प्रेशर का उतरलं ते ओळखायला शेजारी कोणी नव्हतं."

त्यांनी पिशवीचं तोंड आवळलं, गाठ मारली. त्या माझ्यावर चिडल्या होत्या की आणखी कोणावर, ते मला कळलं नाही.

"मग माज्या पोराला कशाला दाखवलंस?" त्या म्हणाल्या. "त्याला आयेची काळजी व्हती. काकाला मशीन नको बोलला त्या डाक्तरकडं न्यायचं, त्याच्यासमोर झोपवायचं मना, आनि त्याच्याच हातानं बंद करायला लावायचं."